माळाचं गवत: लावायचं कसं, चारायचं किती

मृगाचे वेध लागले की गवताबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांत तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तालुक्यांतून आले आहेत: बरड जमिनीवर कोणतं गवत धरेल, विकत आणलेलं बी उगवत का नाही, आणि लावलेल्या गवतात जनावरं कधी सोडायची. एक पत्र थेट टेक्सासहून आलं आहे आणि त्याचा आपल्या माळाशी जवळचा संबंध आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न: माझी दीड एकर मुरमाड जमीन पडीक आहे. पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. दोन गाई आणि दहा-बारा शेळ्या आहेत. नेपियर लावून पाहिलं, पण उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. कायमचं टिकेल असं कोणतं गवत लावू?
*– वाचक, माण तालुका, जि. सातारा*

नेपियर हे बागायती पीक आहे. पाणी आणि खत भरपूर असेल तरच ते परवडतं. तुमच्या जमिनीला दख्खनच्या माळावरची मूळची बहुवर्षायू गवतंच योग्य. गवतांचे अभ्यासक दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले. त्यात आपला बहुतेक भाग सेहिमा-डायकँथियम या प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे आपलं पवना आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. ही गवतं डिसेंबरनंतर वरून वाळतात, पण बुडखा आणि मुळं जिवंत राहतात आणि पहिल्या चांगल्या पावसावर पुन्हा फुटतात.

दीड एकरावर एकच गवत लावू नका. आधी पहार घेऊन शेतात दहा-बारा ठिकाणी खोचून पाहा. वीतभर माती आणि खाली लगेच मुरूम लागला तर तिथं पवना आणि डोंगरी ही दोन गवतं. फूट-दीड फूट माती असेल, पाणी वाहून येऊन थोडं थबकत असेल, तिथं मारवेल. काळ्या आणि किंचित चोपण जमिनीतही ते तग धरतं. ओढ्याकाठची हलकी, वाळूमिश्रित पट्टी असेल तर अंजन. अंजनाला दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी मात्र सोसत नाही. चार-पाच दिवस बुडखा पाण्यात राहिला की ते पिवळं पडून जातं.

मारवेल ठोंबांनी, म्हणजे बुडखा फोडून काढलेल्या मुळांसकटच्या तुकड्यांनी लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मारवेल-८ आणि फुले मारवेल-०६-४० हे वाण चाऱ्यासाठी चांगले आहेत. अंतर दोन ओळींत ४५ आणि दोन ठोंबांत ३० सेंटिमीटर ठेवलं तर एकरी सुमारे ३०,००० ठोंब लागतात. एवढे विकत घेणं आणि वाहून आणणं महाग पडतं, म्हणून पहिल्या वर्षी एक गुंठा रोपवाटिका करा. गुंठ्यात याच अंतरानं साडेसातशे ठोंब बसतात. पाणी मिळालं तर वर्षभरानं प्रत्येक बुडख्यातून १५-२० ठोंब निघतात आणि पुढच्या पावसाळ्यात जवळपास अर्ध्या एकराची सोय घरच्या घरी होते.

ठोंब काढताना बुडखा वीतभर उंचीवर कापा, मग टिकावानं उचला आणि हातानं फोडा. प्रत्येक ठोंबाला दोन-तीन फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. मुळं चार बोटं लांब ठेवून बाकीची छाटा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावा. ठोंबाचा गड्डा मातीच्या पातळीला यायला हवा. खोल गाडला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. लावल्यावर टाचेनं माती दाबा. मुळांभोवती पोकळी राहिली की ठोंब हिरवा दिसतो आणि दहाव्या दिवशी मान टाकतो. मर होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, पावसाची तूट नंतर.

वेळेबद्दल एक सांगायलाच हवं. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात खरा पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरात पडतो. जूनच्या एका सरीवर विसंबून लावलेलं गवत जुलैच्या उघडिपीत जातं. जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय लावणी करू नका, मग त्यासाठी ऑगस्ट उजाडला तरी चालेल. ओळी उताराला आडव्या घ्या. शेतात सलग समतल चर असतील तर चराच्या भरावावर मारवेलाची ओळ पहिली लावा. तिथं ओल जास्त दिवस टिकते आणि भरावही धरून ठेवला जातो.

लावणीपूर्वी एकरी दोन टन कुजलेलं शेणखत पुरे. युरिया लावणीबरोबर देऊ नका. २५-३० दिवसांनी खुरपणी करून, जमिनीत ओल असताना एकरी २० किलो द्या आणि कापणीनंतर पाऊस असेल तरच आणखी २० किलो. गाजर गवत फुलाआधी उपटा. पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही. शेळी कोवळा ठोंब खाताना मुळासकट उपटते. त्याऐवजी विळ्यानं एकदा कापा, तेही जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून.

प्रश्न: मागच्या जूनमध्ये दोन किलो अंजनाचं बी आणून पाभरीनं एका एकरात पेरलं. पाऊस चांगला झाला, तरी शंभर रोपंही दिसली नाहीत. बी बनावट होतं का?
*– वाचक, जत, जि. सांगली*

बनावट असेलच असं नाही. गवताचं बी आणि ज्वारीचं बी यांत मोठा फरक आहे आणि दुकानदारही तो सांगत नाहीत.

पहिली शंका पाभरीवर. पाभरीनं बी दोन-तीन इंच खोल जातं. अंजनाचा दाणा इतका बारीक असतो की एक सेंटिमीटरपेक्षा जास्त माती अंगावर आली तर कोंबाला वर येण्याइतकं बळच उरत नाही. हे बी फेकूनच पेरायचं. केसाळ असल्यामुळं ते हाताला चिकटतं आणि वाऱ्यावर उडतं, म्हणून चौपट ओलसर मातीत मिसळून फेका. मग बाभळीची एखादी फांदी त्यावरून ओढा. तेवढी माती पुरते.

दुसरी गोष्ट बियाच्या वयाची. ताजं अंजन काही महिने सुप्तावस्थेत असतं आणि पेरलं तरी उगवत नाही. गेल्या हिवाळ्यात गोळा करून कोरड्या, हवेशीर जागी गोणीत ठेवलेलं बी यंदाच्या जूनला चालतं. दोन-तीन वर्षं जुनं आणि ओल लागलेलं बी मात्र घेऊ नका.

तिसरी गोष्ट पोकळ बियाची, आणि ती पिशवी उघडल्या उघडल्या पाहता येते. शंभर केसाळ बोंडं (दाणा त्यांच्या आत असतो) मोजून घ्या. दोन्ही तळव्यांत जोरात चोळा आणि फुंकर मारा. केस आणि भुसा उडून जातो आणि तळहातावर पिवळसर, मोहरीहूनही लहान दाणे उरतात. ते मोजा. कित्येकदा शंभर बोंडांत वीस-पंचवीस दाणेसुद्धा निघत नाहीत, कारण फुलोऱ्यातलं सगळं बी एकाच वेळी पिकत नाही आणि मजुरांनी ते अर्धकच्चंच ओरबाडलेलं असतं. त्यानंतर ओल्या फडक्यात शंभर बोंडं गुंडाळून दोन आठवडे ओलं ठेवा. तीसच्या आसपास उगवली तर एकरी दोन किलोऐवजी तीन ते चार किलो धरा. दहाच्या खाली आली तर बी परत करा.

मुंग्या हे चौथं कारण. पेरणीनंतर आठवडाभर पावसानं ओढ दिली तर त्या बी वेचून नेतात. तुमच्या भागात हा धोका दरवर्षीचाच आहे, म्हणून गोळ्या करून टाका: एक भाग बी, एक भाग कुजलेलं शेण, तीन भाग चिकण माती, एक भाग वाळू. पाणी बेतानं घालून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा आणि सावलीत सुकवा. प्रत्येकीत दोन-तीन दाणे पुरेत. लिंबाएवढे गोळे करू नका. त्यातलं मधलं बी खोलच पेरल्यासारखं होतं.

आणि एक विनंती. पहिला महिना अंजनाची रोपं केसासारखी बारीक दिसतात, कारण सगळी वाढ मुळांकडे चाललेली असते. काही उगवलंच नाही असं समजून पेरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत शेतावर कुळव फिरवू नका.

प्रश्न: गावात दर मार्चमध्ये माळ पेटवतात. जुनीजाणती माणसं म्हणतात, जाळलं की गवत जोमानं येतं. खरं आहे का?
*– वाचक, कर्जत, जि. अहिल्यानगर*

जाळल्यावर येतं ते कोणतं गवत, हे पाहा. जुनी वाळकी काडी गेल्यामुळं पहिल्या पावसानंतर माळ लवकर हिरवा दिसतो, म्हणून तसं वाटतं. पण वरचेवर वणवा लागणाऱ्या माळावर पवना कमी होतो आणि कुसळी वाढते. कुसळीच्या बियाला खाली टोकदार सुई असते आणि वर दोन-तीन इंच लांब, तपकिरी शेपूट. पिकलेलं एक कुसळ घेऊन तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. शेपूट डोळ्यांदेखत फिरायला लागतं. दव पडलं की फिरायचं, उन्हात सुकलं की उलट फिरायचं, असं करत बी स्वतःला मातीत गाडून घेतं. वणवा वरून जातो, ते खाली सुरक्षित राहतं. पवन्याचं वर पडलेलं बी मात्र जळून जातं. तीच कुसळं पुढं मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात.

शिवाय मार्च-एप्रिल हा टिटवी आणि चंडोलांचा अंडी घालायचा काळ आहे आणि ही पाखरं जमिनीवरच घरटं करतात. तुमच्या तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, त्यामुळं माळ कशाकशाला लागतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुनं गवत काढायचं असेल तर फेब्रुवारीपर्यंत कापून गंजी लावा आणि बांधाकडेनं तीन-चार मीटरची पट्टी साफ ठेवा.

प्रश्न: तीन एकर माळ आहे. दोन वर्षं कुंपण घालून राखला, आता पवना आणि मारवेल चांगलं आलं आहे. चाळीस मेंढ्या आहेत. किती दिवस चारल्या तर माळ पुन्हा उघडा पडणार नाही?
*– वाचक, बारामती तालुका, जि. पुणे*

दोन वर्षं राखलंत, त्यातच निम्मं काम झालं. आता अंदाजानं मेंढ्या सोडू नका, गवत मोजून सोडा. मोजणं अगदी सोपं आहे.

चार काठ्या बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा. सप्टेंबरअखेर गवत फुलोऱ्यात आलं की माळावर दहा ठिकाणी ती टाका. चांगली जागा शोधून टाकू नका, चालत जा आणि ठरावीक पावलांनी टाका. चौकटीतलं गवत जमिनीलगत कापून उन्हात कडकडीत वाळवा, वजन करा आणि दहांची सरासरी काढा. एका चौकटीचे जितके ग्रॅम, त्याच्या चौपट किलो वाळलं गवत एकरी आहे. समजा सरासरी २०० ग्रॅम आली, तर एकरी ८०० किलो आणि तीन एकरांत २,४०० किलो.

यातलं निम्मंच मेंढ्यांचं. उरलेलं गवताचं स्वतःचं आणि जमिनीचं. म्हणजे चारायला १,२०० किलो. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण एक किलो वाळला चारा खाते, म्हणजे चाळीस मेंढ्यांना ४० किलो. हिशेबानं तीस दिवस येतात. पण तुडवण्यात आणि लेंड्यांखाली थोडं वाया जातंच, म्हणून पंचविसाच्या वर जाऊ नका.

निम्मं ठेवायचं ते का, हे नीट समजून घ्या, कारण मोह इथंच होतो. पाला कापला की मुळांवर काय परिणाम होतो हे अमेरिकेच्या कृषी विभागातले फ्रँकलिन क्रायडर यांनी तपासून १९५५ मध्ये मांडलं. निम्म्यापर्यंत पाला गेला तर मुळांची वाढ जवळजवळ तशीच चालू राहते. ऐंशी टक्के गेला तर सगळ्या मुळांची वाढ थांबते. आपल्याकडं पावसाळा मुळातच तीन-चार महिन्यांचा. त्यात मुळं पुन्हा पुन्हा थांबली तर गवत वरवर हिरवं राहतं आणि पुढच्या ओढीत मरतं. मग लोक दुष्काळाला बोल लावतात.

माळाचे चार भाग करा. एका वेळी एकाच भागात मेंढ्या, सहा दिवस. सातव्या-आठव्या दिवशी कापल्या जागेतून नवे फुटवे येतात आणि मेंढी आधी तेच वेचून खाते, म्हणून त्याच्या आत बाहेर पडायचं. मारवेल गुडघ्याला आल्यावर शिरायचं आणि वीतभर उरलं की निघायचं. तुमच्या हिशेबात चारही भाग मिळून वर्षाला एकच फेरी बसते. आधी तीन भाग चारा. चौथ्यात बी पिकून गळेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर सरेपर्यंत मेंढ्या नेऊ नका. पुढच्या वर्षी दुसरा भाग बियासाठी ठेवा. उरलेल्या वर्षाचा चारा कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. तो पिकांच्या काडातून, झाडपाल्यातून आणि बाहेरच्या चराईतून भागवावा लागेल. तीन एकरांवर चाळीस मेंढ्या वर्षभर राहत नाहीत, हे आजच मान्य केलेलं बरं.

माळ उतरणीला लागला की तो आधी खूण देतो. पवना विरळ होतो आणि त्याच्या जागी कुसळी येते. तरीही चराई थांबली नाही तर कुसळीही जाते आणि वितीएवढी, तारेसारखी ॲरिस्टिडा उरते. हे गवत मेंढी नाइलाजानंच खाते. त्यानंतर नुसता मुरूम. कुसळी वाढताना दिसली की त्या भागाला पूर्ण दोन पावसाळे विश्रांती द्या. ॲरिस्टिडापर्यंत गेलेला माळ नुसत्या राखणीनं लवकर भरत नाही, तिथं ठोंब लावावेच लागतात.

मोकळं चारण्याऐवजी कापून घालणं जमत असेल तर त्याहून उत्तम. हिवरे बाजारात चराईबंदी झाली, म्हणजे गवत बंद झालं नाही. विळ्यानं कापून नेण्याची मुभा राहिली. माळ भरला तो त्यामुळं.

प्रश्न: आमच्या सोसायटीत दोनशे चौरस मीटरचं मेक्सिकन लॉन आहे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्यालाच जातं. त्याऐवजी इथलीच गवतं लावून शोभा येईल का?
*– वाचक, बाणेर, पुणे*

येईल, पण आधी ठरवा की त्या जागेवर चालायचं आहे की ती नुसती पाहायची आहे. मुलं खेळणार असतील तिथं साधी हरळी लावा. एप्रिल-मेमध्ये ती पिवळी पडते आणि जूनमध्ये परत येते, एवढं सोसायटीच्या सभासदांना आधीच सांगून ठेवा. हिरव्यागार लॉनला भर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. तुमच्या लॉनला दिवसाला हजार लिटर, असा तो हिशेब आहे.

उरलेल्या भागात उंच गवतं. उतारावर आणि दगडांमध्ये डोंगरी गवत, फुलोरा तांबूस-सोनेरी. सपाट भागात मारवेल, जांभळट तुरे. वाटेच्या कडेनं रोशा गवत, चुरगाळलं तर गुलाबासारखा वास येतो. पावसाचं पाणी जिथून वाहत जातं त्या नाळीत वाळा. सगळीकडं ४५ सेंटिमीटरवर, आडव्यातिडव्या मांडणीत लावा. चौरस मीटरला पाच ठोंब, म्हणजे शंभर चौरस मीटरला पाचशे. कुसळी दिसायला फार सुरेख, पण सोसायटीत नको. कपड्यांत आणि कुत्र्यांच्या पंजांत कुसळं शिरतात.

बिघडतं ते बहुधा अति काळजीनं. माळी लाल माती, शेणखत आणि वर युरिया घालतो, रोज पाणी देतो, आणि ऑगस्टमध्ये चार फुटी गवत आडवं पडतं. खत मुळीच नको. पहिल्या हंगामात आठवड्यातून एकदा पाणी, पुढं बंद. सावलीत, इमारतीच्या उत्तर बाजूला ही गवतं लावू नका. त्यांना दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. नोव्हेंबर ते मे ती वाळक्या सोनेरी रंगाची असतात. मेअखेर १०-१५ सेंटिमीटरवर एकदा कापली की वर्षाचं काम झालं. भिंती आणि गाड्यांपासून तीन मीटरची पट्टी मात्र कापलेलीच ठेवा, वाळलेलं गवत चटकन पेट घेतं.

प्रश्न: ऑस्टिनजवळ आमची पाच एकर जागा आहे. चुनखडीची उथळ जमीन, उन्हाळा कडक. थोड्या शेळ्या पाळायच्या आहेत आणि घरापुढं कमी पाण्याचं गवत हवं आहे. पुढच्या खेपेला गावाकडून मारवेल आणि अंजनाचं बी आणावं असा विचार आहे.
*– वाचक, टेक्सास*

आणू नका. परवान्याशिवाय बी नेणं बेकायदा आहे, पण खरं कारण त्याहून मोठं आहे. ही दोन्ही गवतं तुमच्याआधीच तिथं पोहोचली आहेत आणि त्यांनी नुकसान केलं आहे. आपलं मारवेल दक्षिण टेक्सासात क्लेबर्ग ब्लूस्टेम या नावानं पसरलं आहे. अंजन तिथं बफेलग्रास म्हणून ओळखलं जातं. ॲरिझोनाच्या वाळवंटात त्याच्या वाळक्या काडीमुळं आगी लागतात आणि आग कधी न पाहिलेले सग्वारो निवडुंग मरतात. इथं मेंढ्या, कीड आणि सोबतची गवतं त्यांना आवर घालतात. तिथं तो आवर नाही.

तुमच्या जमिनीचं स्वतःचं गवत आहे: साइडओट्स ग्रामा. १९७१ पासून ते टेक्सासचं राज्य-गवत आहे. दोन-तीन फूट उंच वाढतं, चुनखडी जमीन त्याला मानवते, जनावरं आवडीनं खातात. ओळखायला सोपं आहे. ओटसारखी लहान बोंडं दांड्याच्या एकाच बाजूला लोंबतात आणि फुलताना त्यांतून शेंदरी-तांबडे पुंकेसर बाहेर येतात. फुलोरा नसेल तर पातं बुडाजवळ भिंगातून पाहा. कडेनं बारीक फोडांसारखे उंचवटे आणि प्रत्येकावर एक-एक ताठ केस दिसतो.

वाण निवडताना बी मूळचं कुठलं ते विचारा. हॅस्केल हा वाण टेक्सासातूनच निवडलेला आहे आणि तुमच्या भागाला चालतो. दूर उत्तरेकडचं बी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पिशवीवर शुद्धता आणि उगवण असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार करा. शुद्धता ८० टक्के आणि उगवण ७० टक्के असेल तर खरं जिवंत बी ५६ टक्केच. पेरणीयंत्रानं एकरी सहा पौंड जिवंत बी लागतं, म्हणजे या पिशवीतलं जवळजवळ अकरा पौंड. हातानं फेकणार असाल तर दुप्पट.

घाई जमिनीच्या तयारीत करू नका. जागेवर बर्म्युडा (आपली हरळी) किंवा किंग रँच ब्लूस्टेम ही बाहेरून आलेली गवतं असतील तर आधीचा अख्खा हंगाम ती मारण्यात घालवा. ती शिल्लक ठेवून पेरलेलं तिथलं मूळचं बी वर येतच नाही. माती भुसभुशीत नको, घट्ट हवी. बूट अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतता कामा नये. मार्च ते मे या काळात, पाव ते अर्धा इंच खोल पेरा. पहिल्या वर्षी नायट्रोजन देऊ नका, तो तणांनाच मिळतो. तण वाढलं की सहा-आठ इंचांवरून गवत कापायचं यंत्र फिरवा, रोपांच्या डोक्यावरून. शेळ्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात, त्याही थोड्या. हे गवत जनावरं आधी शोधून खातात, म्हणून अतिचराईत पहिलं तेच नाहीसं होतं. सहा इंच उरलं की शेळ्या हलवा आणि साठ दिवस तिथं परत आणू नका.

घरापुढं बी टाकण्यापेक्षा ट्रेमधली रोपं दीड-दीड फुटावर लावा. हजार चौरस फुटांना साडेचारशेच्या आसपास लागतील. मधल्या जागेत बफेलोग्रास लावता येईल. नाव बफेलग्राससारखं असलं तरी हे तिथलंच, बुटकं, पसरणारं गवत आहे. खरेदी करताना गल्लत होऊ देऊ नका. फेब्रुवारीअखेर सगळं तीन-चार इंचांवर एकदा कापा.

प्रश्न: मारवेल डिसेंबरात कापून गंजी लावली. गाई तोंड लावत नाहीत. काय करू?
*– वाचक, भूम, जि. धाराशिव*

उशीर झाला. मारवेलात प्रथिनं सर्वांत चांगली निम्मा फुलोरा येईपर्यंत असतात, सहा-सात टक्क्यांच्या घरात. बी गळून गेल्यावर ती निम्म्याहून खाली येतात आणि काडी लाकडासारखी होते. यंदा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उघडीप बघून कापा. पाऊस येण्याची भीती असते हे खरं, पण एका पावसानं जेवढं जातं त्याच्यापेक्षा दोन महिन्यांच्या उशिरानं जास्त जातं. दोन-तीन दिवस पसरून उलथापालथ करा. पेर वाकवल्यावर कट्कन मोडलं की गंजी लावायला योग्य. वाकून दुमडलं तर आत ओल आहे. अशी गंजी आतून तापते आणि बुरसते.

आहे त्या गंजीवर युरिया प्रक्रिया करा. शंभर किलो कुट्टी केलेल्या वाळल्या गवताला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, प्रत्येक थर पायानं दाबा आणि प्लास्टिकनं हवाबंद झाका. एकवीस दिवसांनी उघडा. घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्या. सुरुवातीला नेहमीच्या चाऱ्यात थोडं मिसळून आठवडाभरात वाढवत न्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे घालू नका आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवू नका, ते विषारी आहे.